दगडाला लागलेला ब्रश

गार्नेट स्कोगनला क्लबचा आजन्म सभासद करायचं ठरलं, तेव्हा मला वाटलं माणूस लाजेल, दोन दिवस तोंड लपवत फिरेल आणि मग मुकाट्याने फोटो काढून घेईल. तसं काही झालं नाही. माझा फोटो भिंतीवर लावू नका म्हणून तो हटून बसला. का लावायचा नाही, ते कारण त्याने सव्वीस वर्षं पोटात ठेवलं होतं. ते त्याने पहिल्यांदा मलाच सांगितलं, कारण त्याच्यापायी माझ्या नवऱ्याने उरलेलं आयुष्य खालमानेने काढलं होतं.

पण आधी गार्नेट कसा माणूस आहे ते सांगते. नाहीतर तुम्ही त्याला एका दमात वाईट ठरवून मोकळे व्हाल, आणि तो हक्क असलाच तर माझा आहे, तुमचा नाही.

कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवून पलीकडच्या वर्तुळाच्या मध्याजवळ बसवायचा खेळ. आमच्या ड्रायबरो गावचा कर्लिंग क्लब म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. आत बर्फाच्या दोन पट्ट्या, काचेपलीकडे बसायची खोली, खोलीच्या मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघर माझं, बर्फ गार्नेटचा. पगार दोघांनाही नाही. मी ओरिसिया पावलिक, वय चौऱ्याहत्तर. मी बटाट्याचं सारण भरलेले पेरोही करते, सूप ढवळते आणि येईल-जाईल त्याला चार शब्द सुनावते. गार्नेट माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, धान्याच्या कोठीवरून निवृत्त झालेला, बिनलग्नाचा आणि घुम्या. तुम्हा दोघांना एकत्र मळलं असतं तर एक बरा माणूस झाला असता, असं आमची अध्यक्ष कोरीन म्हणते. ती शाळेची बस चालवते, तिला बोलायची सवय आहे.

ऑक्टोबर लागला की गार्नेट शेडमध्येच मुक्कामाला. गावच्या नळाच्या पाण्यात खार फार. त्या पाण्याचा बर्फ बसका होतो, दगड त्यावर रेंगाळतो. म्हणून हा आपल्या ट्रकमधून चाळीस मैलांवरून चांगलं पाणी पिंपं भरभरून आणायचा आणि पातळ पातळ थर देत बर्फ चढवायचा. मग प्रत्येक सामन्याआधी गरम पाण्याची टाकी पाठीला बांधून, हातातली झारी हलवत, पट्टीवरून उलटा चालत जायचा. झारीतून पडलेले थेंब पडल्या पडल्या गोठतात आणि बर्फावर दाणे उठतात. आमचा वीस किलोचा दगड त्या दाण्यांवरूनच सरकतो आणि वळतो. ताज्या थेंबांवर आपलाच पाय पडू नये म्हणून उलटं चालायचं. सव्वीस वर्षं हा माणूस तसा चालला, आणि मी काचेतून बघत असायचे, त्याने मागे वळून पाहिलेलं मला आठवत नाही. किती पावलं झाली की भिंत येते ते त्याच्या पायांना ठाऊक होतं.

बाहेरच्या बुटांनी कोणी बर्फाकडे निघालं की मात्र या मुक्याला वाचा फुटायची. एकदा आमचे फादर आशीर्वाद द्यायला म्हणून बूट न काढता निघाले होते. गार्नेटने त्यांच्यापुढे पायपुसणं टाकलं आणि म्हणाला, "फादर, देव माणसाचं मन बघतो. मी तळवे बघतो." फादरांनी मोज्यांवर उभं राहून आशीर्वाद दिला.

तो स्वतः कधी खेळायचा नाही. कोणाच्या संघात एक माणूस कमी पडला आणि त्याला विचारलं, तर म्हणायचा, "नको, पाठ धरते." पंधरा-पंधरा लिटरची टाकी दिवसातून चार वेळा पाठीला बांधणारा माणूस असं म्हणतो आणि आपण ऐकून घेतो. आम्ही सगळे किती भोळे होतो, की आम्हाला जाणूनच घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

नेस्टर, माझा नवरा, आजारी पडला त्या हिवाळ्यात आमच्या अंगणातला बर्फ रोज सकाळी आम्ही उठायच्या आत साफ केलेला असायचा. कोणी केला ते विचारायची गरज नव्हती. गार्नेटच्या ट्रकच्या चाकांचे ठसे असायचे. मी त्याला म्हटलं होतं, "एवढं कशाला करतोस, रे?" तो म्हणाला, "रस्त्यातच पडतं तुमचं घर." आमचं घर कुठल्याच रस्त्यात पडत नाही. ते गावाच्या टोकाला आहे.

आता खेळाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडे क्लबच्या सामन्यांना पंच नसतो. दगड सरकत असताना, तो लांब जावा म्हणून, त्याच्या पुढे दोघं जण ब्रशने बर्फ घासत धावतात. घासताना ब्रश दगडाला लागला, तर ज्याचा लागला त्याने स्वतः ओरडून सांगायचं. दुसऱ्याने पाहिलं असलं तरी दुसरा बोलत नाही. ज्याचं त्याने सांगायचं. आणि त्याने सांगितलं, की मग त्या दगडाचं काय करायचं ते समोरच्या संघाचा कप्तान ठरवतो. दगड काढून टाका म्हणेल, आहे तिथे राहू दे म्हणेल, किंवा ब्रश लागला नसता तर जिथे गेला असता तिथे सरकवा म्हणेल. बहुतेक वेळा 'राहू दे' म्हणतात. चांगल्या माणसांची रीत तशी आहे. आमच्याकडे पोराला दगड सोडायला शिकवायच्या आधी हे शिकवतात. गावाला या गोष्टीचा फार अभिमान. चर्चमध्ये खोटं बोलेल, पण बर्फावर नाही, असं आम्ही एकमेकांबद्दल म्हणतो.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत जिल्ह्याचा अंतिम सामना आमच्याच शेडमध्ये झाला होता. दोन्ही संघ आमच्याच गावचे. दोन बायका, दोन पुरुष असे मिश्र संघ. आमचा कप्तान नेस्टर आणि त्याच्या हाताखाली मी. त्यांचा कप्तान बर्ट, आता तोही नाही. बर्टच्या संघात गार्नेट होता, आणि त्या काळात गार्नेटसारखं घासणारा सगळ्या जिल्ह्यात नव्हता. जिंकेल तो प्रांताच्या स्पर्धेला जाणार होता. आमच्यापैकी कोणी तिथवर पोचलेलं नव्हतं. नेस्टर अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि त्याने वयाच्या नवव्या वर्षापासून त्या एकाच गोष्टीची वाट पाहिली होती.

शेवटचा डाव. गुण बरोबरीत. वर्तुळाच्या मध्याजवळ आमचा दगड बसलेला. बर्टने त्यांचा शेवटचा दगड सोडला, गार्नेट आणि बर्टची बायको खाली मुंडी घालून घासत आले. दगड आमच्या दगडापेक्षा मध्याच्या जवळ, एका आडोशाच्या दगडामागे अर्धा लपून, जाऊन बसला. आता नेस्टरने आपल्या शेवटच्या दगडाने तो उडवला तरच आम्ही जिंकणार होतो. वर्तुळात ब्रश धरून नेम दाखवायला मी उभी होते. नेस्टरने माझ्या ब्रशवर नजर ठेवून दगड सोडला. तो आडोशाला चाटून न जाता बरोबर आत आला, आणि बर्टच्या दगडाशेजारून तळहाताएवढं अंतर ठेवून निघून गेला. आम्ही हातमोजे काढले, हात मिळवले, चांगला खेळ झाला म्हणालो. झालं.

म्हणजे खेळ झाला. बाकीचं झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोठीवर कॉफी प्यायला जमणारी टोळकी नेस्टर दिसला की नुसता तळहात उभा करून दाखवायची. "एवढंच राहिलं, नेस्टर." तो हसायचा. चांगला हसायचा, सगळ्यांत मोठ्याने. घरी आल्यावर टोपी खुंटीला लावेपर्यंत ते हसू टिकायचं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने आपले खेळायचे बूट कोणाला तरी देऊन टाकले आणि परत बर्फावर पाय ठेवला नाही. हिवाळ्यात खिडकीशी बसून उजवं मनगट फिरवत राहायचा. दगड सोडताना ते कसं फिरलं होतं ते आठवून बघायचा. तेरा वर्षं. दोन हजार नऊ साली तो गेला.

गेल्या फेब्रुवारीतला गुरुवार. शनिवारी सत्काराचं जेवण होतं, त्यासाठी मी सकाळपासून स्वयंपाकघरात पीठ मळत होते. दहाच्या सुमाराला कॉफीचा मग घेऊन मी गार्नेटकडे गेले, पायांत स्वच्छ बूट घालून, नाहीतर त्याने मलाही हाकललं असतं. तो पट्टीच्या कडेला टाकी उतरवत होता.

"फोटोला काय झालं तुला?" मी म्हटलं. "तोंड वाकडं येतं म्हणून? वाकडंच आहे ते, सगळ्यांना माहीत आहे."

"फोटो त्या पाटीशेजारी लावणार आहेत," तो म्हणाला. पाटी म्हणजे जिंकलेल्या संघांची. वर्षाखाली चार-चार नावं, सोनेरी रंगात.

"मग? पाटीवर तुझं नाव आहेच की."

"तेच तर." त्याने झारी खाली ठेवली. "ओरिसिया, शहाण्णव साली बर्टच्या शेवटच्या दगडाला माझा ब्रश लागला होता."

मला आधी कळलंच नाही.

"शेवटी, वर्तुळात शिरताना. नुसता काठ. हाताला कळलं मला. दगड जरासा वळला आणि त्या आडोशामागे गेला. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बर्ट पलीकडून ओरडला, की झक्कास घासलास, गार्नेट. मी तोंड मिटलं. वाटलं, नेस्टर त्याला उडवेलच. नेस्टर उडवणारच ना. त्याने उडवला की मग सांगायची गरजच नाही." त्याने टाकी कडेला सरकवली. "मग त्याचा नेम चुकला. मग आपण हात मिळवले. मग रोज उद्यावर गेलं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय केलं माहीत आहे? हातातला वाफाळता मग खाली ठेवला. बर्फावर. ताज्या दाण्यांवर. आमच्या गावात कोणी चर्चमध्ये थुंकेल, पण गरम मग बर्फावर ठेवणार नाही. आम्ही दोघांनी बघितलं, मगाभोवती बर्फ काळपट होत गेला. तो मग उचलायला मीही वाकले नाही आणि तोही वाकला नाही.

"त्याला का नाही सांगितलंस?" मी शेवटी म्हटलं. "तो जिवंत होता तेरा वर्षं. तू रोज आमचं अंगण साफ करायला यायचास. दार वाजवायला काय झालं होतं?"

"रोज दार वाजवायलाच यायचो," गार्नेट म्हणाला. "मग अंगण साफ करून जायचो."

मी निघून आले. पीठ तसंच पातेल्यात टाकून घरी गेले.

संध्याकाळच्या सामन्यात लोकांना तो खळगा लागला. गोल, मगाच्या बुडाएवढा, दगड त्याच्यावरून गेला की भरकटायचा. कोणी विचारलं तेव्हा गार्नेट म्हणाला, "माझ्या हातून झालं." हे मला कोरीनने फोनवर सांगितलं, काळजीने, की म्हातारा आता बर्फावर मग ठेवायला लागला, डोकं फिरलं की काय. मी फोन ठेवून दिला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझी एवढीशी चूकही त्याने लगेच आपल्या अंगावर घेतली होती, आणि स्वतःची मोठी चूक दुसऱ्याच्या अंगावर तेरा वर्षं राहू दिली होती.

शुक्रवारी कोरीन घरीच आली. टोपी हातात धरून दारातच उभी राहिली.

"गार्नेटने कमिटीला सांगितलं," ती म्हणाली. "उद्या सगळ्यांसमोर बोलणार म्हणतो. पाटीवरची नावं बदला म्हणतो. ओरिसिया, हात मिळवले की निकाल बदलत नाही. नियमच आहे तसा."

"मला नियम सांगू नकोस. तुझ्या आईला ब्रश धरायला मी शिकवलंय."

"तसं नाही हो. मी म्हणते, माणूस सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. सव्वीस वर्षं फुकट राबलाय. बर्फाचं त्याच्याइतकं कोणाला कळत नाही, उद्या तो रुसून घरी बसला तर क्लबला कुलूप लागेल. तुम्ही फक्त म्हणा, 'राहू दे'. तुमचा संघ, तुमचा हक्क. तुम्ही 'राहू दे' म्हणालात की विषय तिथेच मिटतो, सगळे जेवायला बसतात."

"आणि नेस्टर?"

कोरीन टोपी फिरवत राहिली. वाईट नाही ती पोरगी. "नेस्टरना आता काय फरक पडतो, ओरिसिया?"

मी तिला कॉफी दिली नाही. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला कॉफी न देता परत पाठवणं म्हणजे काय ते तिला कळलं. ती गेल्यावर मी नेस्टरच्या खुर्चीत बसले. जिंकलं-हरलं याचं मला काही नव्हतं. प्रांताच्या स्पर्धेत तो पहिल्याच दिवशी हरून परत आला असता, कदाचित. पण 'तुझा हात चुकला नव्हता, त्या दगडाने तिथे बसायलाच नको होतं', हे गावाने एकदा तोंड उघडून म्हणायला हवं होतं. तो जिवंत असताना नाही तर नाही. आणि गार्नेटला तेच म्हणायचं होतं, आणि गावाला ते ऐकायचं नव्हतं. 'राहू दे' म्हणजे नेस्टर जिथे बसला होता तिथेच त्याला राहू दे. असं बघितलं तर सगळ्या गावात गार्नेट एकटा माझ्या बाजूचा निघाला. हे कळलं तेव्हा मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

शनिवारी मी स्वयंपाक केला. गुरुवारचं पीठ फेकून दिलं, नवीन मळलं. शंभरावर माणसं आली होती. काचेमागे दोन्ही पट्ट्या चकचकीत, खळगा कुठे होता ते शोधूनही सापडलं नसतं. कोरीनने भाषण केलं, टाळ्या पडल्या, त्याने नको म्हटलं तरी लावलेल्या फोटोवरचं कापड काढलं. गार्नेट कोट घालून आला होता. तो कोट मी त्याच्या अंगावर फक्त अंत्ययात्रांना पाहिला होता.

तो उभा राहिला आणि त्याने सांगितलं. मला सांगितलं त्याच शब्दांत, त्याहून एक शब्द जास्त नाही. बर्टच्या बायकोकडे वळून म्हणाला, "एल्व्हा, तुला माहीत नव्हतं. तुझा काही दोष नाही." एल्व्हा ऐंशी वर्षांची आहे. तिने तोंडावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

मग तो माझ्याकडे वळला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हात पुसत. तो म्हणाला, "माझा ब्रश लागला. बोलायला उशीर झाला. तुमचा कप्तान नाही, तर बाजू तुझी आहे, ओरिसिया. दगडाचं काय करायचं, तू सांग."

खोलीत सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कोणाला काय ऐकायचं होतं ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. कोरीनचे ओठ तर ते शब्द म्हणत होते. पुढच्या टेबलावर कोठीवरचे ते जुने कॉफीवाले बसले होते. जे उरलेत ते तिघं. त्यांचे हात टेबलाखाली होते.

मी म्हटलं, "काढा."

कोरीनचे ओठ मिटले. मी म्हटलं, "तो दगड काढा. मग मध्याजवळ आमचाच दगड होता. नेस्टरला शेवटचा दगड सोडायचीसुद्धा गरज नव्हती."

गार्नेटचे खांदे खाली आले. मी त्याला सव्वीस वर्षं पाठमोरा, उलटा चालताना पाहिलंय, पण ओझं उतरलेला असा कधी पाहिला नव्हता. "काढला," तो म्हणाला. आणि मग टेबलांमधून वाट काढत, सरळ माझ्याकडे चालत आला. त्याने हात पुढे केला. हरलेल्याने आधी हात पुढे करायचा, ही आमची रीत. "चांगला खेळ झाला, ओरिसिया."

हात मिळवून मी आत निघून जाऊ शकले असते. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते. माझ्याकडे सगळे असे बघत होते जणू मी कोणी संतच. आणि मला ते सहन होईना. एवढा म्हातारा माणूस शंभर जणांसमोर उभा राहून आपलं बोलला, आणि मी त्याचा हात हातात घेऊन गप्प उभी राहणार होते.

"थांब," मी म्हटलं. "माझं पण आहे."

माझा आवाज कसा निघाला कोण जाणे. "नेस्टर इस्पितळात होता. शेवटचे तीन दिवस. त्याला धड बोलता येत नव्हतं. पण त्याने हात पांघरुणाबाहेर काढला, मनगट फिरवून दाखवलं, आणि मला विचारलं, की ओरिसिया, मी जास्त फिरवलं का? का तुझा ब्रश चुकीच्या जागी होता?"

गार्नेटने माझा हात सोडला नव्हता.

"नेम मी दाखवला होता. मी ब्रश आडोशाला घाबरून चार बोटं बाहेर धरला होता. मला त्याच दिवशी कळलं होतं. त्याने दगड बरोबर माझ्या ब्रशवर सोडला, एक केसही इकडेतिकडे नाही. तेरा वर्षं तो मनगट फिरवत बसायचा आणि मी शेजारी विणत बसायचे. मी त्याला कधी सांगितलं नाही. आणि त्या दिवशी त्याने सरळ विचारलं, तर मी म्हटलं, हो, थोडंसं जास्त फिरवलंस तू. त्याने मान हलवली. म्हणाला, वाटलंच मला."

एल्व्हा रडत होती. कोरीनने पाटीकडे बघितलं, मग फोटोकडे, मग जमिनीकडे. गार्नेट नुसता माझा हात धरून उभा होता. त्याने मला 'जाऊ दे' म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर मी त्याला तिथेच झिडकारलं असतं, कारण ते म्हणणं त्याच्या हातात नव्हतं. आमच्या खेळात ब्रश ज्याचा लागला त्याने सांगायचं असतं, आणि दगडाचं काय करायचं ते समोरच्या माणसाने. गार्नेटला सांगायला निदान मी होते. मी उशीर केला तेव्हा माझ्यासमोर कोणी उरलंच नव्हतं.

कमिटीने नियम बाजूला ठेवला, आणि सोमवारी पाटी रंगवायला माणूस आला. त्याने शहाण्णव सालाखालची चार नावं खरवडली आणि आमची घालायला घेतली. नेस्टर पावलिक सगळ्यांत वर. त्याच्याखाली ओरिसिया पावलिक लिहायला त्याने ब्रश बुडवला, तेव्हा मी त्याला म्हटलं, ती ओळ रिकामी सोड.